गाडीत वाळवलेला चोथा

माझ्या बायकोने वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी. करायचं ठरवलं, तेव्हा मी मटार सोलत होतो. ती समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, मी पीएच.डी.ला नाव नोंदवतेय." मी म्हणालो, "बरं. मटार भातात घालायचेत की उसळ करायचीय?"

या उत्तराची आठवण मला पुढची पाच वर्षं वरचेवर करून दिली गेली. पाहुण्यांसमोर, मुलीसमोर, एकदा तर दाताच्या डॉक्टरसमोर, जेव्हा तोंड उघडं असूनही मला बाजू मांडता येत नव्हती.

आम्ही तेव्हा कोलकात्यात, गार्डन रीचला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. मी सिग्नल खात्यातला अधिकारी, म्हणजे दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड उचलणारा माणूस. सोलापूर, भुसावळ, रायपूर, विशाखापट्टणम आणि मग हे. बायको पुण्याची, रसायनशास्त्रात एम.एस्सी., तीही पहिल्या वर्गात. प्रत्येक गावी तिने एखाद्या शाळेत काही ना काही शिकवलं. कुठे विज्ञान, कुठे गणित, आणि भुसावळला एक वर्ष चक्क चित्रकला, कारण तिथे तेवढीच जागा रिकामी होती. तिची चित्रकला मी पाहिलेली आहे. त्या मुलांबद्दल मला अजून वाईट वाटतं.

मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली, घर शांत झालं, आणि बायकोने एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत प्रकल्प-सहायकाची जागा मिळवली. तिथले प्राध्यापक तिच्याहून बारा वर्षांनी लहान. ती त्यांना "सर" म्हणे, ते तिला "दीदी" म्हणत. पण तिच्या त्या "सर"मध्ये इतक्या वर्षांच्या शाळामास्तरकीची जरब असे. ती दारात दिसली की ते हातातला चहाचा कप खाली ठेवून खुर्चीत सरळ बसत, असं तिच्याबरोबर काम करणाऱ्या मुलींनीच मला सांगितलं.

एके दिवशी या सरांनी तिला विचारलं, "दीदी, तुमच्या महाराष्ट्रात वाइन होते ना? नाशिककडे? द्राक्षं पिळून झाल्यावर मागे जो चोथा राहतो, तो मिळेल का?"

"मिळेल," ती म्हणाली.

आता, माझ्या बायकोने तोवर वाइनची बाटली फक्त विमानतळावरच्या दुकानात, काचेपलीकडून बघितली होती. तिच्या माहेरी खोकल्याच्या औषधाचंसुद्धा लेबल वाचून घेत. पण महाराष्ट्राच्या इभ्रतीचा प्रश्न होता, त्यामुळे तिने होकार दिला, आणि घरी येऊन मला सांगितलं की आपल्याला नाशिकला जायचंय. "आपल्याला" हा शब्द मी तेव्हा नीट ऐकला नाही.

काम काय आहे ते तिने मला चारपाच वेळा समजावलं, आणि पाचव्यांदा मला कळलं. लाल वाइन करताना द्राक्षांची सालं आणि बिया रसातच ठेवून आंबवतात. नंतर सगळं पिळून घेतात. मागे जो चोथा उरतो, त्याचे ढीग साचतात, आंबट वास सुटतो, फार तर शेतात खत म्हणून जातो. पण त्या सालींत रंग उरलेला असतो आणि बियांत तुरटपणा. हा रंग सरबतांत, जेलीत घालता येतो. तो तुरट भाग खाद्यपदार्थ टिकवायला, औषधांत, क्रीममध्ये उपयोगी पडतो. प्रश्न असतो तो बाहेर काढायचा. त्यासाठी एरवी जी रसायनं वापरतात, त्यांतली काही विषारी असतात, काही भपकन पेटतात, काहींच्या वाफेने डोकं धरतं. सरांना हवा होता असा द्रावक, जो माणसाला आणि मातीला त्रास देणार नाही. त्याला त्यांच्यात ग्रीन सॉल्व्हंट म्हणतात.

"हिरवं असतं?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

"अहो, ग्रीन म्हणजे... जाऊ दे. इकडे या."

तिने मला स्वयंपाकघरात नेलं. एका वाटीत लिंबूसत्त्व घेतलं, त्यात ग्लुकोजची पावडर मिसळली, चमचाभर पाणी घातलं आणि वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून ढवळत राहिली. दोन पांढऱ्या पावडरी. थोड्या वेळाने कडा ओलसर झाल्या, मग सगळं मिळून आलं, आणि शेवटी वाटीत एक स्वच्छ, दाट, काचेसारखं पाणी तयार झालं.

"हे थंड झालं तरी पुन्हा पावडर होत नाही," ती म्हणाली. "दोघं एकमेकांना असे धरून ठेवतात की घट्ट व्हायचंच विसरतात. प्रयोगशाळेत आम्ही दुसरी जोडी घेतो. एक कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ते मीठ, आणि दुसरं दह्यातलं आम्ल. पण तत्त्व हेच."

माझी आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. बाबा गेल्यापासून ती साताऱ्याचं घर बंद करून आमच्याकडे राहत होती. ती टेबलाशी बसून हे सगळं बघत होती. तिने वाटीत चमचा बुडवला, वर उचलला, धार पाहिली.

"पाक आहे की हा," ती म्हणाली. "एकतारी."

बायको हसली आणि म्हणाली, "हो आई, पाकच." त्या दिवसापासून आमच्या घरात जगातल्या सगळ्या ग्रीन सॉल्व्हंटना पाक हेच नाव पडलं. पुढे बायको फोनवर सरांशी इंग्रजीत बोलता बोलतासुद्धा "द पाक इज टू थिक" म्हणून जायची आणि जीभ चावायची.

फेब्रुवारीत द्राक्षांची तोडणी सुरू झाली आणि आम्ही नाशिकला गेलो. तिच्या मावसभावाच्या ओळखीने दिंडोरीजवळच्या एका वाइनवाल्याने आम्हाला हवा तेवढा चोथा दिला. तो बिचारा इतका चकित झाला होता की फावडंही त्यानेच चालवलं. थर्माकोलच्या तीन पेट्या, आत बर्फ, वरून चिकटपट्टीचे वेढे. मी म्हणालो, पार्सलने पाठवू. ती म्हणाली, पार्सल कुठेतरी पडून राहिलं तर? मी रेल्वेतला माणूस असल्यामुळे या शंकेला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तिच्याच बाजूचं होतं. म्हणून पेट्या आमच्या बर्थखाली आल्या.

नागपूर गेलं तोवर सगळं ठीक होतं. दुपारची वेळ, डब्यातली माणसं जेवून आडवी झालेली. मग माझ्या नाकाला एक वास जाणवला. गोडसर, आंबूस, आणि खरं सांगायचं तर अगदी स्पष्ट. खाली वाकून बघतो तो बर्थखालून एक जांभळा ओघळ निघाला होता आणि गाडीच्या हेलकाव्यांबरोबर समोरच्या बाईंच्या पांढऱ्या चपलांकडे निघाला होता. समोर एक निवृत्त शिक्षक आणि त्यांची पत्नी होते, खडगपूरला उतरणारे, सकाळपासून आमच्याशी नातवंडांबद्दल गप्पा मारणारे. बाईंनी पाय वर घेतले. शिक्षकांनी पुस्तक मिटलं. त्यानंतर आम्हाला कोणी नातवंडांबद्दल काही सांगितलं नाही.

तिकीट तपासनीस आला. त्याने हवेत एकदा नाक फिरवलं, ओघळाकडे बघितलं, माझ्या पासकडे बघितलं आणि अतिशय दुःखी आवाजात म्हणाला, "सर, आप तो डिपार्टमेंट के हैं..."

मी काही बोलणार तोच बायको म्हणाली, "आप बैठिए." तो बसला. तिने त्याला द्राक्षाच्या सालीपासून सुरुवात केली. रंग कुठे असतो, तुरटपणा कशाने येतो, आंबवल्यावर काय उरतं, पाक म्हणजे काय. पेटीचं झाकण उघडून तिने त्याला चोथा दाखवला, एक बी त्याच्या तळहातावर ठेवली आणि चावून बघायला लावली. त्याने चावली. पुढच्या स्टेशनावर तो उतरला. त्याची ड्युटी तिथेच संपत होती, असं बायकोचं म्हणणं. माझं मत वेगळं आहे. ओघळ मी माझ्या टॉवेलने पुसला. तो टॉवेल अजून जांभळा आहे.

प्रयोगशाळेतला फ्रीझर आधीच भरलेला होता. एक पेटी तिथे मावली, उरलेल्या दोन आमच्या घरी आल्या, आणि त्यांच्यासाठी बैठकीच्या खोलीत एक जुना डीप फ्रीझर आला. येणारे लोक त्याच्याकडे आदराने बघत. बंगाली शेजाऱ्यांना वाटे, मराठी असूनही यांनी मासळीचा एवढा साठा केलाय, म्हणजे माणसं चांगली दिसतात.

बायको मग पाकाचं सूत्र जमवण्यात गुंतली. दाट केला तर चोथ्यात शिरेना, पातळ केला तर रंग ओढेना. मार्च-एप्रिल त्यात गेले. मग मे महिन्यात एक मोठं वादळ आलं. आमच्या आवारातली दोन जुनी झाडं आडवी झाली, एक विजेच्या तारांवर पडलं, आणि दिवे गेले ते चार दिवस आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रीझरखाली पाणी दिसलं. बायको तिथेच जमिनीवर बसली. तिला मी पाच गावांत घर मांडताना आणि चारदा ते मोडताना पाहिलं होतं, पण अशी बसलेली कधी पाहिली नव्हती. पुढची तोडणी थेट पुढच्या फेब्रुवारीत. रस्ते बंद, प्रयोगशाळेत जनरेटर असला तरी फ्रीझरमध्ये जागा नाही.

आई आतून आली. तिने फ्रीझरचं झाकण उचललं, वास घेतला आणि म्हणाली, "वाळव."

"आई," बायको म्हणाली, "तुम्हाला एक सांगायचं राहिलं. हा नुसत्या द्राक्षांचा नाही. वाइनचा चोथा आहे."

"मला पहिल्याच दिवशी कळलं ते," आई म्हणाली. "ह्याच्या बाबांच्या ऑफिसातले लोक यायचे की घरी. तू काही बोलली नाहीस, म्हणून मीही विचारलं नाही. चादरी काढ."

आम्ही गॅलरीत चादरी अंथरल्या, त्यावर चोथा पसरला. संध्याकाळपर्यंत तो जसा होता तसाच ओला, वर चिलटांचा थवा. आईने आयुष्यभर साताऱ्याच्या गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड वाळवले होते. कोलकात्याच्या हवेने तिचा असा अपमान पहिल्यांदाच केला होता. "या गावात पापडालासुद्धा घाम येत असेल," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. बायको फोन चार्ज करायला खाली माझ्या गाडीत जाऊन बसली आणि दोन मिनिटांत लालबुंद होऊन वर आली. तिच्या चेहऱ्यावर जे भाव होते ते मी ओळखतो. भुसावळला फ्रिज बंद पडला तेव्हा तिने माठावर ओली गोणी घालून दूध टिकवलं होतं, तेव्हाही हेच भाव होते.

"अहो," ती म्हणाली, "गाडीत नुसती भट्टी आहे. किल्ली द्या."

गाडी अकरा महिन्यांची होती. सीटवरचं प्लास्टिक मी नुकतंच, मनावर दगड ठेवून, काढलं होतं. हे सगळं मी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि हात पुढेच ठेवला.

घरातली सगळी ताटं, दोन पराती, एक बेकिंगचा ट्रे आणि विशाखापट्टणमच्या निरोप समारंभात मला मिळालेली एक चांदीच्या रंगाची तबकडी, एवढ्यांवर चोथा पसरून गाडीत मांडला. खिडक्या दोन बोटं उघड्या ठेवल्या, म्हणजे ओल बाहेर जाईल. बायकोने आतल्या आरशाला थर्मामीटर बांधला. तिला त्या दिवशी दुपारी कसंही करून प्रयोगशाळेत पोचायचं होतं, मला ऑफिसला. म्हणून आई छत्री आणि प्लास्टिकची खुर्ची घेऊन, शेजारच्या इमारतीच्या सावलीत, गाडीजवळ बसली. दर अर्ध्या तासाने उठायचं, चोथा परतायचा, थर्मामीटर बघायचा आणि वहीत लिहायचं, असं तिला सांगितलं होतं. तीन दिवस तिने ते केलं. शेजारपाजारच्या बायका येऊन विचारत, "माशीमा, हे काय?" ती मराठीत सांगे, त्या बंगालीत मान हलवत, आणि दोन्ही बाजूंचं समाधान होई.

गाडीत मांडल्यापासून चौथ्या दिवशी चोथा कुरकुरीत झाला. गाडी मात्र पुढचे चार महिने वाइनच्या पिंपासारखी दरवळत राहिली. मी लिंबं ठेवली, कापूर ठेवला, कोळसा ठेवला. एका सकाळी नऊ वाजता ऑफिसला जाताना वाहतूक पोलिसांनी काहीतरी किरकोळ तपासणीसाठी थांबवलं. मी काच खाली केली. सार्जंट मागे सरकला.

"सकाळ सकाळ, दादा?" तो बंगालीत म्हणाला.

मी त्याला द्राक्षांच्या सालींपासून सांगायला सुरुवात केली, पण बायकोचं कौशल्य माझ्यात नाही. त्याने माझ्यासमोर यंत्र धरलं. मी फुंकलं. शून्य. त्याने यंत्र तळहातावर आपटलं आणि पुन्हा धरलं. पुन्हा शून्य. त्याने मला जाऊ दिलं, पण त्या यंत्रावरचा त्याचा विश्वास त्या दिवशी उडाला असावा.

प्रयोगशाळेत सरांनी वाळवलेला चोथा पाहिला आणि हळूच म्हणाले, "दीदी, हा वापरता येणार नाही. कुठल्या तापमानाला वाळवला याची नोंद नसेल तर कोणी मानणार नाही."

बायकोने पिशवीतून वही काढली. सरांनी ती उघडली, उलटी केली, सुलटी केली. सगळे आकडे देवनागरीत होते, आणि अधूनमधून शेरे: "ढग आले." "कावळा." "वरची परात आधी वाळते, खालची मागे राहते."

"ही कुठल्या भाषेतली नोंद आहे?" त्यांनी विचारलं.

"माझ्या सासूबाईंच्या," ती म्हणाली.

तिने सगळे आकडे उतरवून काढले, आलेख काढला. सरांनी तो बराच वेळ बघितला आणि शेवटी तो नमुना स्वीकारला. प्रयोगशाळेच्या फ्रीझरमधल्या चोथ्याशी तुलना केली तेव्हा कळलं की गाडीतल्या चोथ्याचा लाल रंग उन्हाने बराचसा खाल्ला होता, पण बियांमधला तुरट भाग जवळजवळ शाबूत होता. म्हणजे ज्याला रंग हवा त्याने चोथा गोठवावा, ज्याला बिया हव्यात त्याने साधा वाळवला तरी चालेल. छोट्या वाइनवाल्यांना ही माहिती कामाची होती. प्रबंधाचं एक प्रकरण त्यावर झालं. आईने ते प्रकरण हातात घेऊन पानं मोजली आणि "कावळा" कुठे आलाय ते विचारलं.

खरी अडचण मात्र पुढे होती. पाकाने चोथ्यातून सगळं सुरेख ओढून घेतलं, गडद माणकासारखं. पण आता ते त्याच्यातून सुटेना. नेहमीची रसायनं तापवली की उडून जातात आणि मागे हवं ते उरतं. हा पाक उडतच नाही. तोच त्याचा गुण होता, म्हणूनच तो निरुपद्रवी होता, आणि तेच आता आड येत होतं. सात-आठ महिने ती घरी येऊन म्हणायची, "आज पण नाही." मी चेष्टा करायचो, "पोरगी पाकाच्या घरी रमली, माहेर विसरली वाटतं." पहिल्यांदा ती हसली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तिने माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि मी ती चेष्टा कायमची बंद केली.

याच काळात माझी बदलीची ऑर्डर आली. बिलासपूर.

ऑर्डर आली की आमच्या घरात एक ठरलेला क्रम असे. मी कागद टेबलावर ठेवायचो, ती वाचायची, दुसऱ्या दिवशी माळ्यावरून खोके खाली यायचे. या वेळी तिने कागद वाचला, घडी घातली आणि माझ्यापुढे ठेवला.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "मी काम संपवून येते."

मी म्हणालो, बघू, रद्द होते का. ती म्हणाली, नको, कशाला? मी म्हणालो, क्वार्टर सोडावं लागेल. ती म्हणाली, विद्यापीठाजवळ, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या बघून ठेवल्यात. बघून ठेवल्यात! म्हणजे ऑर्डरची शक्यता तिने माझ्याआधी हेरली होती. मग मी माझा शेवटचा मुद्दा काढला.

"आणि आईचं काय? तिला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही..."

"मी इथेच राहणार," आई आतून म्हणाली. "हिचं काम अर्धं पडलंय. तू मोठा आहेस आता. जा."

वयाच्या पन्नाशीत मला असं घराबाहेर काढण्यात आलं. बिलासपूरला मी खिचडी शिकलो, मग पिठलं शिकलो, मग पुन्हा खिचडीवर आलो. महिन्यातून एकदा शुक्रवारी निघून शनिवारी कोलकात्यात पोचायचो. दोघी मला पाहुण्यासारखं वागवत. आई तर माझ्यासाठी वेगळी उशी काढून ठेवायची.

अशाच एका शनिवारी बायको दारातच म्हणाली, "चहा नंतर. माझ्याबरोबर चला. एका कोपऱ्यात बसायचं, कशाला हात लावायचा नाही, विनोद करायचे नाहीत."

प्रयोगशाळेत तीनचार मुली काम करत होत्या. बायको त्यांची दीदी, म्हणून मी आपोआप त्यांचा जामाईबाबू. त्यांनी मला एक स्टूल दिलं आणि "जामाईबाबू, इथून हलायचं नाही," अशी तंबीही दिली. समोर स्टँडला एक उभी काचेची नळी होती. आत साबुदाण्यासारखे बारीक पांढरे मणी ठासून भरलेले.

बायकोने पाण्याने पातळ केलेला तो गडद पाक वरून हळूहळू ओतला. मणी वरून जांभळे होत गेले. खालून मात्र जे ठिबकत होतं ते नितळ, फिकट पिवळसर.

"मणी रंगाला धरतात," ती हळू आवाजात मला म्हणाली. "पाकाला सोडून देतात. हे खालचं पाणी आटवलं की पाक परत मिळतो. पुन्हा वापरायचा."

मग तिने साधं पाणी सोडलं, बराच वेळ. मी घड्याळ बघितलं नाही, पण माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या. शेवटी तिने नळीत पाणी घातलेलं अल्कोहोल ओतलं. काही क्षण काहीच झालं नाही. नंतर मण्यांमध्ये वर एक लाल पट्टा सुटा झाला आणि खाली उतरू लागला. एकसंध, जसा पडदा खाली सोडावा तसा. नळीच्या टोकाशी आला, थांबल्यासारखा झाला, आणि पहिला थेंब बाटलीत पडला. लाल.

मुली ओरडल्या. सर आतल्या खोलीतून धावत आले, आणि धावताना त्यांचा चहा सांडला. बायको मात्र हललीच नाही. ती नळीसमोर वाकून, एक हात स्टँडवर ठेवून, थेंब मोजत होती. मी तिचा चेहरा एका बाजूने बघत होतो. इतक्या वर्षांत तिचा हा चेहरा मी एकदाही पाहिला नव्हता, आणि तो तिच्याकडे नवीन आला नसून आधीपासूनच होता, हे माझ्या लक्षात आलं. मला विनोद न करण्याची सूचना दिली होती, पण त्या वेळी मला तो सुचलाही नाही.

वर्षभराने तिची तोंडी परीक्षा झाली. मी रजा घेऊन आलो होतो. आईच्या गुडघ्यांना आता जिने झेपत नव्हते, म्हणून ती घरी थांबली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी खोचक प्रश्न विचारले, त्यांतला एक असा की मण्यांवरून रंग काढायला शेवटी अल्कोहोल लागतंच, मग हे सगळं ग्रीन कसं? ती म्हणाली, "पूर्ण नाही, सर. आधीपेक्षा बरंच जास्त. अल्कोहोल थोडं लागतं, आणि तेही परत मिळतं. उरलेलं काम पुढच्या माणसाने करावं." परीक्षक हसले. सर शेवटच्या रांगेत बसून आपल्याच नखांकडे बघत होते. पास झाल्याचं जाहीर झालं तेव्हा तिच्याहून जास्त घाम त्यांना आला होता.

बाहेर आलो. ती दमली होती, म्हणून फाटकाजवळच्या बाकावर बसलो. भांडांतून, म्हणजे तिथल्या मातीच्या छोट्या कपांतून, चहा घेतला. मला बरेच दिवस एक विचारायचं होतं. तेव्हा विचारलं.

"माझ्या बदल्यांचा तुला राग होता का गं? इतकी वर्षं?"

मला वाटलं होतं ती "छे हो" म्हणेल. मी त्या उत्तराची तयारीही केली होती.

"होता," ती म्हणाली. "सगळ्यात जास्त विशाखापट्टणमला."

"तिथे का? ते तर तुला आवडलं होतं. समुद्र होता."

"तिथल्या एका कॉलेजात नोकरी मिळाली होती. प्रयोगशाळा होती चांगली. सोमवारी रुजू व्हायचं होतं. आधीच्या गुरुवारी तुमची ऑर्डर आली."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही खूश होतात. बढती होती ती." तिने चहाचा घोट घेतला. "आणि खरं सांगू? सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, बरं, उसळ करायची की भात?"

यावर मी हसलो नाही. हसवण्यासाठीच ती म्हणाली होती, तरी नाही हसलो. मी म्हणालो, "सांगायला हवं होतंस." ती म्हणाली, "हो, हवं होतं."  एक बस आली, कंडक्टर दारावर थापा मारत थांब्यांची नावं ओरडत गेला.

मग तिचा फोन वाजला. आई होती. तिने पास झालीस का विचारलं नाही, ते तिने गृहीतच धरलं असावं. "श्रीखंडासाठी चक्का टांगलाय," ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की मलाही ऐकू आलं. "वेलची संपलीये. त्याला आणायला सांग. आणि त्याला म्हणावं, सोललेली आण, मला सोलवत नाही आता."

"आणतो म्हणावं," मी म्हणालो, आणि दोघांचे रिकामे भांड घेऊन कचऱ्याच्या पेटीकडे निघालो.